चमचा देत नाहीत

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेलाची बाटली थिजली आणि मी आईचं मरून स्वेटर कपाटातून बाहेर काढलं. मुंबईत थंडी आल्याची वर्दी वेधशाळेच्या आधी खोबरेल देतं. पारा साधारण चोवीसच्या खाली गेला की बाटलीच्या तळाशी पांढरट ढग धरतात, मग दोन-चार दिवसांत सगळी बाटलीच मेणासारखी होते आणि ती सकाळी गॅलरीतल्या उन्हात उभी करावी लागते. नाशिकची मामेबहीण याला हसते. तिच्याकडे निफाडचा पारा पाच-सहावर उतरला की बागाईतदार द्राक्षांच्या मांडवाखाली रात्रभर शेकोट्या पेटवतात. आणि आम्ही इथे सोळा अंशांत कानटोप्या घालून फाइव्ह गार्डन्सला चकरा मारतो. हसू दे. ज्याची त्याची थंडी.

शिवाय आम्हाला थंडीचे दोन आकडे मिळतात. सांताक्रूझचा आणि कुलाब्याचा. कुलाब्याला समुद्र अंगाशी असल्यामुळे तो रात्री फार गार होऊ देत नाही. सांताक्रूझला सोळा असेल तेव्हा कुलाब्याला वीस-एकवीस असतं. आम्ही दादर-माटुंग्याची माणसं दोन्हींच्या मधली. स्वेटर घालायचं मनात असलं की सांताक्रूझचा आकडा खरा धरायचा. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 नोंदलं गेलं, मुंबईचा तो अजूनचा नीचांक. आई तेव्हा लग्न होऊन हिंदू कॉलनीतल्या या घरात नुकतीच आली होती. त्या सकाळचं तिला काय आठवतं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पाणी तापवलं. दुसरं काय?"

खुबा मोडल्यापासून आई अंथरुणाला आहे. दोन वर्षं होतील. रात्रीच्या मावशी आठला जातात, दिवसाच्या ताई साडेआठला येतात, कधी नऊला. मधल्या वेळात मी. खरं तर सगळ्याच वेळात मी, पण पावणेसात ते साडेसात एवढा वेळ असा आहे की आई गाढ झोपलेली असते आणि मावशी जाग्या असतात. डॉक्टरांनी मला माझ्या साखरेसाठी रोज चालायला सांगितलं, तेव्हा हा पाऊण तास माझा झाला. मी बूट घालते, किल्ली खिशात टाकते आणि "फिरून येते" म्हणून खाली उतरते.

फिरते मी, नाही असं नाही. बारा मिनिटं जाताना, बारा येताना. मधली वीस मिनिटं मी बसून कॉफी पिते.

रुईयावरून पुढे माटुंग्याच्या बाजूला निघालं की हवा बदलते, असं मला वाटतं. ती थंडीमुळे नसून वासामुळे असावी. इकडे कॉफीचे भाजून दळून देणारे दुकानदार आहेत. दुकानं सकाळी उघडलेली नसली तरी शटरांच्या फटींतून कालचा वास रस्त्यावर रेंगाळतो. पुढे फुलवाले. केळीच्या पानांवर मांडलेला अबोलीचा गजरा, मोगरा, मरवा, आणि त्यांच्यावर पाणी शिंपडणारे गारठलेले हात. इमारतींच्या दारांत तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे त्यांच्या रांगोळ्या, नुकतेच काढलेले, अजून कोणाचं पाऊल न पडलेले. मी त्यांना वळसा घालून जाते, म्हणजे चालणंही थोडं वाढतं.

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत या भागात पहाटेलाच जाग असते. सूर्य धनु राशीत असतो तो हा महिना, तमिळ लोकांचा मार्गळी. देवळात रोज पहाटे एक अशी महिनाभर तीस पदं म्हणतात आणि द्रोणातून गरम पोंगल वाटतात. पहिल्यांदा तो द्रोण माझ्या हातात आला तेव्हा मला हसूच आलं. तांदूळ आणि मुगाची डाळ, वर मिरी, आलं, तूप. हे तर आमचंच. याच महिन्याला आपण धुंधुरमास म्हणतो आणि सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, तिळाची बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत असं खाऊन घेतो. घ्यायचो म्हणायला हवं. आजी होती तोवर आमच्याकडे वर्षातून एकदा तरी हा पहाटेचा बेत व्हायचा. अंधारात चुलत भावंडं झोपेतच पाटावर बसलेली मला आठवतात. आजी गेली, मग बाजरीचं पीठ पॅकेटमधून यायला लागलं, मग तेही नाही. माटुंग्यात मात्र तीच पहाट, तीच डाळ-तांदळाची खिचडी देवाच्या नावाने चालू आहे. पोंगल खाऊन मी हात रुमालाला पुसते आणि हॉटेलात शिरते.

हॉटेल म्हणजे काय, तर उडपी. नाव सांगत नाही, कारण आधीच बसायला जागा मिळत नाही. माटुंग्यात नावाजलेली पुष्कळ आहेत. स्टेशनजवळचं राम आश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं, रामा नायकांची खाणावळ 1942 ची. प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याने दादर-माटुंग्याची ही झाडांची, रुंद रस्त्यांची वस्ती आखली. मग कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस म्हणून मद्रासकडून आलेली मंडळी इथे राहिली आणि त्यांच्या जेवणा-कॉफीची सोय करायला उडुपीकडची माणसं आली. एकाने गाव सोडायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासाठी चूल पेटवायची. या शहराचा अर्धा इतिहास असाच आहे. माझं हॉटेल या नामांकित यादीतलं नाही. त्याच्यावर कोणी व्हिडिओ केलेला नाही. संगमरवराची आठ टेबलं, पाठ अवघडेल अशा सरळ पाठीच्या खुर्च्या, गल्ल्यावर चंदनाचं बोट लावलेला कृष्ण आणि त्याच्यासमोर बडीशेपेची वाटी. भिंतीवर दोन पाट्या: 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे' आणि 'विनाकारण बसू नये'.

ही दुसरी पाटी मला फार आवडते.

आमच्या घराजवळ एक नवं कॅफे आहे. तिथे कितीही वेळ बसा. सोफे आहेत, पुस्तकं आहेत, प्लगला जागा आहे. मुलगी पुण्याहून आली की मला तिथे नेते. तिथे गेलं की मला काहीतरी व्हावं लागतं. आरामात असलेली बाई व्हावं लागतं. कपावर माझं नाव लिहितात, कसं वाटलं विचारतात, दुधाचे पाच प्रकार सांगतात. सकाळी पावणेसातला, रात्रीत तीनदा उठलेल्या माणसाला निवड करायला लावू नये. उडप्याकडे मला कोणी काही विचारत नाही. मी बसते, समोर पाण्याचे दोन ग्लास आदळतात, आणि वेटर माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत "एक काफी" असं आत ओरडतो. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसतं. विचारून नाही, नुसतं बसतं. टेबल सगळ्यांचं असतं. कधी क्लासला निघालेला मुलगा, कधी रात्रपाळीचा वॉचमन, कधी भस्माचे तीन पट्टे ओढलेले मामा. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. इतक्या जवळ बसून इतकं न बघणं ही एक सभ्यता आहे आणि ती मुंबईत शिकावी. दहा-पंधरा मिनिटांत उठायचंच आहे हे ठाऊक असल्यामुळे कोणी कोणाचं काही लागत नाही.

मग कॉफी येते. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दोन वर्षं मी ती रोज समोरून बघते आहे. आत गॅसजवळ उभा असलेला माणूस, त्याला सगळे भट म्हणतात, पहाटे चारला पहिला डिकॉक्शन लावतो. घरी दोन मजली फिल्टर असतो, वरच्या भांड्याला भोकं, त्यात पावडर, वर छत्रीसारखी दाबणी, आणि उकळी आलेलं पाणी जरा दम घेऊ देऊन ओतायचं. खालच्या भांड्यात काळा अर्क टपटपत उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई केली, हलवलं, की बिघडलं. हॉटेलात हेच मोठ्या भांड्यावर ताणलेल्या कापडी पिशवीतून होतं. पावडरीत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हेच, एका रोपाचं मूळ भाजून दळलेलं. तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा तिचाच. कायद्याने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. शुद्ध कॉफीचा आग्रह धरणारे नाक मुरडतात. मुरडोत. चिकोरीशिवायची फिल्टर कॉफी मला पातळ आमटीसारखी लागते.

भट टंबलरमध्ये आधी साखर घालतो, तिच्यावर बोटभर डिकॉक्शन, मग पातेल्यातलं उकळतं दूध. आणि मग तो हात वर नेतो. टंबलर वर, डवरा म्हणजे त्याच्या जोडीची पसरट वाटी खाली, मधे हातभर लांबीची तपकिरी दोरी. पुन्हा उलट. तीनदा. साखर विरघळते, फेस येतो, जिभेला चटका बसणार नाही इतकीच वाफ निघून जाते. म्हणून इथे कॉफीबरोबर चमचा देत नाहीत. पहिल्या दिवशी मी मागितला होता. वेटरने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, जणू देवळात चप्पल घालून आले होते. ढवळायला काही उरलेलंच नसतं.

टंबलरचा काठ बाहेर वळलेला असतो, तिथे धरलं तर भाजत नाही. मी मात्र जानेवारीत मुद्दाम पोटाशी धरते. दोन्ही तळव्यांत. एक, दोन, तीन मोजेपर्यंत राहवतं, मग सोडायचं, मग पुन्हा. बोटांची पेरं आधी दुखतात, मग सैल होतात. रात्री आईला कुशीवर वळवताना उजव्या अंगठ्याच्या बुडाशी एक कळ बसलेली असते, ती इथे सुटते. बाहेरून बसचा ब्रेक, फुलवाल्यांची हुज्जत. हे सगळं कोणाच्यातरी औषधांच्या वेळांशी निगडित नाही, एवढंच मला पुरतं.

आमच्या घरात कॉफी कधी रोजची नव्हतीच. रोज चहा. कॉफी उपासाला, सर्दीला, परीक्षेच्या रात्री, आणि दुपारी अवेळी आलेल्या बायकांना. दुधातच पावडर टाकून उकळायची, साखर सढळ, आणि उतरवताना वरून जायफळ किसायचं. पोलसनचा डबा संपून किती वर्षं झाली तरी आई त्याच्याच आठवणी काढते. जायफळाची कॉफी ही खास आपली मराठी गोष्ट. झोप उडवणारं आणि झोप आणणारं एकाच कपात घालायचं. कोणालाच दुखवायचं नाही!

तर एका सकाळी मी परतले, बूट काढले, आईच्या उशीपाशी वाकले. डोळे मिटूनच ती म्हणाली, "फिरायला कुठे जातेस? वास येतोय."

खोटं पकडलं गेलं की माणूस फार बोलतो. मी तिला सगळं सांगितलं. आठ टेबलं, भट, पाट्या, वेटर. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. अलीकडे ती मधेच कुठे निघून जाते. मग तिने विचारलं, "एकटी बसतेस?"

"हो."

"फॅमिली रूममध्ये?"

जुन्या हॉटेलांत असायच्या त्या. पोटमाळ्यावर किंवा पडद्यामागे, बायकांनी आणि कुटुंबांनी बसायची खोली. लहानपणी बाबा आम्हाला न्यायचे तेव्हा आई तिथे पदर सावरून, खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि आमचं खाऊन होईपर्यंत आपली पर्स मांडीवर धरून ठेवायची. माझ्या हॉटेलातही वर ती खोली आहे. आता तिथे कांदे-बटाट्याची पोती असतात. मी म्हटलं, नाही गं, खालीच, सगळ्यांत.

बराच वेळ ती गप्प होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मी पण गेले होते एकदा. दारापर्यंत."

कधी ते तिला सांगता येईना. मी शाळेत होते, बाबा ऑफिसला, ती पावडर आणायला माटुंग्याला गेलेली. थंडीचे दिवस होते. हॉटेलच्या दारात वाफ दिसत होती. "म्हटलं, प्यावी एक. आत बघितलं तर सगळे पुरुष. मग पावडर घेतली आणि घरी आले." मग जरा थांबून, "छान होती ती पावडर."

दुसऱ्या दिवसापासून मी थर्मास घेऊन जायला लागले. हॉटेलवाल्यांना पार्सल म्हणजे नित्याचंच, पण थर्मासमध्ये ओतताना भट कुरकुरला. फेस मरतो म्हणाला. आईला डोकं उंच करून, चमच्याने पाजायची. पहिला चमचा तिने तोंडात बराच वेळ धरला. मी वाट बघत होते. आयुष्यभर दारापर्यंत जाऊन परत आलेली कॉफी शेवटी तिच्यापर्यंत पोचली होती, वगैरे काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. तिने गिळली आणि म्हणाली, "जायफळ विसरलीस."

मग रोज जायफळ. आमच्या आत्येभावाची दापोलीकडे वाडी आहे, नारळ-पोफळीच्या सावलीत त्याने जायफळाची झाडं लावली आहेत. तिथल्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण सुगंधा जात, असं तो अभिमानाने सांगतो. त्याने दिवाळीत पिशवीभर पाठवलं होतं. थर्मास घरी आणायचा, वाटीत कॉफी ओतायची, वर जायफळ किसायचं, मग आईला द्यायची. किसणी धुवायचा कंटाळा येतो म्हणून मी हल्ली किल्लीच्या दातांनीच खरवडते. कोणी बघत नाही. आई तीन-चार चमचे घेते, एखाद्या दिवशी सहा. त्यावरून माझा दिवस कसा जाणार हे ठरतं, असं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकदम गार वारा सुटला. उत्तरेचा. हा आला की समुद्रावरचं वारंही दुपारी उशिराच फिरतं, त्यामुळे सकाळ लांबते. त्या रात्री आईने अजिबात झोपू दिलं नव्हतं. मला बाबा समजून ती मला घर भाड्याने मिळालं का, असं विचारत होती, आणि मी मिळालं, मिळालं म्हणत होते. सकाळी मी डोळे अर्धे मिटूनच चालत गेले. कोलम तुडवले असतील तर मला माहीत नाही.

टेबलावर बसले, टंबलर आला. स्वेटरच्या खिशात हात घातला तर हाताला जायफळ लागलं. काल कधीतरी तिथे टाकलं असणार. त्याच खिशात किल्ली. विचार असा काही केला नाही. डवऱ्यावर वाकून मी किल्लीने जायफळ खरवडायला लागले. तांबूस भुगा फेसावर पडला, थोडा टेबलावर सांडला. समोरचे मामा दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते.

"ये क्या डाला, मॅडम?" वेटर.

माझ्या तोंडून निघालं, "जायफळ."

त्याला कळलं नाही. गल्ल्यावरच्या मालकांना कळलं. ते उठून आले. साठी उलटलेले, कपाळाला गंध, मला अक्का म्हणतात, तेही वर्षभरापासून. त्यांनी आधी टेबलावरचा भुगा पाहिला, मग चिमटीत घेऊन हुंगला, मग अगदी हळू मान वर करून भिंतीवरच्या पहिल्या पाटीकडे पाहिलं. बाहेरचे खाद्यपदार्थ.

"ये पायसम में डालते, अक्का," ते म्हणाले. "काफी में नहीं."

"आमच्यात घालतात," मी म्हटलं. आणि मग, काही कारण नसताना, "आई घालते."

ते काही बोलले नाहीत. चिमटीतला भुगा धोतराला पुसत गल्ल्यावर गेले आणि कोणाचे तरी सुटे पैसे मोजायला लागले. मी कॉफी प्यायले. खरं सांगायचं तर ती काही बरी लागली नाही. डिकॉक्शनच्या कडूपणापुढे जायफळ नुसतं कचकचत होतं, विरघळलेलंच नव्हतं. आईच्या कॉफीत ते दुधात मुरून जातं, इथे वरच्या वर तरंगत राहिलं. तळाशी चिखल उरला. मी तोही बोटाने फिरवून पिऊन टाकला, कारण मामा अजून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा जायफळ घरीच ठेवलं होतं. शरमेने. पाण्याचे दोन ग्लास आदळले, "एक काफी" अशी आत आरोळी गेली, समोर कोणीतरी येऊन बसलं. वेटरने टंबलर आणून ठेवला, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतच. मग खांद्यावरच्या फडक्याला पुसून त्याने टंबलरशेजारी एक चमचा ठेवला.